जुन्या लॅपटॉपला वायफाय जोडलंय का? अनुभव लिहा

बाबांचा जुना लॅपटॉप कपाटातून काढलाय. कीबोर्ड अजून सुरेख चालतो, पण इंटरनेट फक्त केबलने. काही विकत घेण्याआधी ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांचं ऐकावं म्हटलं. कुठे अडलात तेही लिहा.

*

मी यूएसबी डोंगल, म्हणजे पोर्टमध्ये खुपसायचं छोटं वायफाय उपकरण, लावलं. लगेच चालू झालं, पण वेग अगदीच रांगता. पोर्ट यूएसबी १.१ चे निघाले, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटच्या वर काही जाणारच नाही, डोंगल कितीही भारी आणा. पोर्ट २.० चे असतील तर मात्र याच्याइतका सोपा मार्ग नाही.

*

कडेच्या खाचेत वायफाय कार्ड घालणार असाल तर जपून. जुनी १६ बिटची खाच आणि नंतरची ३२ बिटची कार्डबस दिसायला सारख्याच. कार्डबसच्या कार्डाला टोकाशी बारीक उंचवट्यांची सोनेरी पट्टी असते, आणि ते जुन्या खाचेत पूर्ण शिरत नाही. मी जोर लावत होते, दादाने हात धरला म्हणून पिना वाचल्या.

*

मी आतलं कार्ड बसवलं. तळाचं छोटं झाकण उघडलं तर मिनी पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे आतलं वायफाय कार्ड बसवायची, जागा रिकामी, आणि शेजारी अँटेनाच्या दोन वायरी, एक काळी, एक पांढरी, चिकटपट्टीत गुंडाळलेल्या! इतका आनंद झाला. बॅटरी काढली, कार्ड तिरकं सरकवून दाबलं, स्क्रू लावले. वायरींची टोकं नाजूक असतात, बरोबर वर धरून सरळ दाबायची, टक् झालं की बसली.

सुरू केलं तर काळ्या पडद्यावर संदेश: हे कार्ड चालणार नाही, काढा. काही कंपन्या बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) मान्य कार्डांची यादी घालून ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. आठवडाभर कार्डालाच दोष देत बसलो. शेवटी त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून पार्ट नंबर काढला, तेच कार्ड वापरलेलं मिळवलं, आणि पहिल्या झटक्यात चाललं. लॅपटॉप माझा, मग त्यात काय बसवायचं ते कंपनीने का ठरवावं? मला हे अजिबात पटत नाही.

*

नेटवर्क दिसतं, पासवर्ड बरोबर, तरी जोडणी होत नाही, असं झालं तर कार्डाचं वय बघा. माझं ८०२.११बी या जुन्या वायफाय पिढीचं होतं, त्याला डब्ल्यूईपी हे जुनं वायफाय कुलूपच कळायचं आणि राउटर डब्ल्यूपीए२ या नंतरच्या कुलपावर. त्याच्यासाठी राउटर डब्ल्यूईपीवर आणू नका, ते कुलूप काही मिनिटांत फुटतं. कार्ड बदला. विंडोज एक्सपीला २०१४ पासून नियमित सुरक्षा दुरुस्त्या येत नाहीत, म्हणून मी हलकं लिनक्सही टाकलं.

*

वायरलेसचं सरकतं बटण चालू आहे ना, ते आधी बघा. बऱ्याच मॉडेलांत ते पुढच्या कडेला असतं.

*

ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मिळेचना, म्हणून मी छोटा राउटर क्लायंट मोडवर टाकला आणि केबलने लॅपटॉपला जोडला. वायफाय राउटर पकडतो, लॅपटॉपला ती नुसती केबलच. आई त्यावर रोज पेपर वाचते.

*

धागाकर्ता: झाकण उघडलं. दोन्ही वायरी आहेत! आता पार्ट नंबर शोधतोय.