गोव्याची ७०.३ ट्रायथलॉन आणि घर: रविवारची लाँग राईड कशी बसवता?

मृण्मयी_के (पुणे)

नमस्कार मंडळी. ९ नोव्हेंबर २०२५ च्या गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ साठी नाव नोंदवलंय. मिरामारच्या समुद्रात १.९ किमी पोहणं, मग ९० किमी सायकल, मग २१.१ किमी धावणं, सगळं साडेआठ तासांच्या आत. हाफ मॅरेथॉन बरीच वर्षं पळतेय, सायकलही जमते. पोहणं कच्चं आहे, पण सुधारतंय. शरीराबद्दल इथे भरपूर लिहिलेलं वाचलं. मला घराबद्दल विचारायचंय.

कोथरूडला राहतो. मुलगी चौथीत, मुलगा सीनियर केजीत. नवरा-बायको दोघंही नोकरीत, मला आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला जावं लागतं. सासू-सासरे जवळच राहतात आणि मुलांना आनंदाने सांभाळतात, पण त्यांनाही वयानुसार किती राबवायचं?

सध्याचा बेत असा: मंगळवार-गुरुवार पहाटे धावणं, सोमवार-बुधवार-शुक्रवार टँकवर सहाची बॅच, शनिवारी विश्रांती, रविवारी पहाटे पाचला चांदणी चौकातून पिरंगुटमार्गे मुळशी. परत यायला साडेदहा-अकरा होतात. मग आंघोळ, जेवण, आणि दुपारी मी आडवी होते ती पाचपर्यंत. मागच्या आठवड्यात लेक आजीला म्हणाली, "रविवारी आई नसतेच." नवरा कधीच "करू नकोस" म्हणालेला नाही. पण हल्ली तो रविवारी फार बोलत नाही, आणि मला ते कळतं.

शिवाय टँकवरून परतेपर्यंत सात वाजतात आणि सात-दहाला मुलांची व्हॅन येते. ती दहा मिनिटं म्हणजे घरात युद्ध. पुढे गणपती, गौरी, नवरात्र, दिवाळी सगळं ओळीने ट्रेनिंगच्या ऐन भरात येणार. आमच्याकडे गौरी असतात, माणसं जेवायला असतात.

मला शर्यत करायचीच आहे. आणि घरात कुणाच्या मनात माझ्या सायकलबद्दल अढी बसू द्यायची नाहीये. ज्यांनी नोकरी-मुलं सांभाळून केलंय त्यांनी कृपया सांगा, आठवडा प्रत्यक्षात कसा मांडता? काय सोडता?

सुधन्वा_नाशिक

मी खेळाडू नाही, खेळाडूचा नवरा आहे. आमच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली रॅम ही अमेरिका आरपार ओलांडायची सायकल शर्यत पूर्ण केली, त्यानंतर आमच्या ओळखीतल्या घराघरात सायकली आल्या, त्यातली एक आमच्याकडे. बायको आधी लांब सायकल चालवायची, मग ट्रायथलॉनकडे वळली.

तुमचे मिस्टर गप्प का असतील ते मी माझ्या अनुभवावरून सांगतो. बायको पहाटे जाते याचा मला कधी त्रास झाला नाही, तेव्हा घर झोपलेलंच असतं. ती किती वाजता येणार आणि आल्यावर घरात असणार की झोपणार, हे माहीत नसण्याचा त्रास व्हायचा. "दहापर्यंत येते" म्हणायचं आणि साडेअकरा व्हायचे. तोपर्यंत नाश्ता वाढायचा की थांबायचं, मुलाला घेऊन बाहेर पडायचं की नाही, सगळं लटकलेलं. आम्ही हे बोललो तेव्हापासून ती परतीची वेळ उशिराचीच सांगते आणि पाळते. किलोमीटर राहिले तर राहिले.

दुसरं, मला माझा वेळ हवा होता. मी तबला शिकायचो, मूल झाल्यावर सुटला होता. आता गुरुवारची संध्याकाळ माझी. त्या दिवशी तिच्या प्लॅनमध्ये काहीही असो, ती साडेसहाला घरी. हे सुरू झाल्यावर तिच्या सायकलकडे बघण्याची माझी नजरच बदलली. मिस्टरांना विचारा, त्यांचं काय सुटलंय.

एक ऐतिहासिक गोष्ट सांगायचा मोह होतोय. १९७४ च्या सप्टेंबरात सॅन दिएगोच्या मिशन बेवर आधुनिक ट्रायथलॉनची पहिली शर्यत झाली, तिच्यात जॉन कॉलिन्स हा नौदलातला माणूस बायको ज्युडी आणि मुलांसकट उतरला होता. पुढे याच नवरा-बायकोनं १९७८ मध्ये हवाईत आयर्नमॅन सुरू केली. तिथे १५ जण उभे राहिले, १२ जणांनी पूर्ण केली. म्हणजे या खेळाच्या मुळाशीच एक कुटुंब आहे. मला हे फार आवडतं.

वैशाली_रंकाळा (कोल्हापूर)

मृण्मयी, मी शाळेत गणित शिकवते, वय ४६. गोव्याची शर्यत २०२२ ला केली आणि २०२४ ला केली. मधल्या वर्षी मुलाची दहावी होती, त्या वर्षी नाव घातलं नाही. धावणं-पोहणं चालूच होतं, पण आठवड्याला पाच तासांच्या वर काही नाही. हे आधी सांगते, कारण "दरवर्षी" हा शब्द घरात उच्चारायचा नाही असं आमचं ठरलंय. शर्यत झाली की महिनाभर त्या विषयावर बोलायचंसुद्धा नाही, मग सगळे बसून पुढच्या वर्षाचं ठरवतो.

आता तुझ्या आठवड्याकडे. पहिलं म्हणजे लाँग राईड शनिवारी ने. रविवार पूर्ण घराचा. तू लिहिलंयस की राईडनंतर पाचपर्यंत आडवी होतेस. ते तास तू ट्रेनिंगमध्ये धरलेले नाहीस, घराने मात्र धरलेत. साडेपाच-सहा तास सायकल आणि चार तास झोप, म्हणजे घराच्या हिशेबात तो दहा तासांचा कार्यक्रम आहे. इतकी झोप येतेय याचा अर्थ एकतर तू फार जोरात चालवतेस किंवा सायकलवर पुरेसं खात नाहीस. लांब राईड अशी चालवायची की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. आणि दर अर्ध्या तासाला काहीतरी पोटात गेलं पाहिजे. मी मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की नेते, बाटलीत इलेक्ट्रॉल. खात चालवलं तर दुपारी मुलांबरोबर बसायला जीव उरतो. हे एवढंच दुरुस्त केलंस तरी अर्धा रविवार परत मिळेल.

आणि दर आठवड्याला मुळशी कशाला? पावसाळ्यात तर नकोच. आमच्याकडे पन्हाळ्याचा घाट जूनपासून इतका निसरडा होतो की मी जातच नाही. होम ट्रेनर (सायकल घरात जागच्या जागी चालवायचा स्टँड) घे, जुना मिळतो. ट्रेनरवर सिग्नल नाही, उतार नाही, पाय थांबत नाहीत. त्यामुळे दीड-दोन तास नीट केले तर बाहेरच्या तीन तासांचं काम बऱ्यापैकी होतं. माझा ट्रेनर गॅलरीत असायचा आणि मुलगा समोर खुर्ची टाकून इतिहासाची प्रश्नोत्तरं माझ्याकडून म्हणून घ्यायचा. उतरलं की लगेच बूट घालून गल्लीत वीस मिनिटं पळायचं, ब्रिक, म्हणजे सायकलला जोडून पळायचा सराव, झाला. खरी लांब राईड महिन्यातून दोनदा पुरते.

टँकचं म्हणशील तर तीन बॅच दोनवर आण. शर्यतीत पोहणं सगळ्यात थोडा वेळ घेतं, आणि तुला फक्त ७० मिनिटांच्या कटऑफच्या आत निवांत बाहेर यायचंय. एक बॅच शनिवार-रविवारी संध्याकाळी मिळते का बघ, आणि पोराला त्याच वेळच्या शिकाऊ बॅचला घाल. इथे कोल्हापुरात आम्ही पंचगंगेत पाठीला डबा बांधून शिकलो, सगळं घर काठावर बसलेलं असायचं. पोहणं ही घराने मिळून करायची गोष्ट होती, अजूनही होऊ शकते. दर चार हातांनी मान वर काढून पुढे बघायची सवय टँकमध्येच लाव, समुद्रात तळाला रेघ नसते. वेटसूटवर (पोहायचा रबरी पोशाख) पैसे घालू नकोस. पाणी २४.५ अंशांच्या वर गेलं की तो घालण्यावर बंधनं येतात, आणि गोव्याचा समुद्र त्याहून बराच कोमट असतो. ते पैसे ट्रेनरला लाव.

सणांचं आत्ताच मांडून ठेव. ३१ ऑगस्टला गौरी येतात, तो रविवार आहे आणि शर्यतीला बरोबर दहा आठवडे राहिलेले असतील. तो आख्खा आठवडा हलका धर. दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा लागतोच, तो गौरींना दे. घरात पुरणावरणाचा स्वयंपाक असताना पहाटे सायकल काढलीस तर ते कुणी विसरणार नाही, आणि त्या एका राईडनं तुझं काहीही अडणार नाही. दसरा २ ऑक्टोबरला. त्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात जड, त्यात सगळ्यात लांब राईड उरकून घे. लक्ष्मीपूजन २१ ला, तिथून शर्यतीपर्यंत तशीही टेपर, म्हणजे सराव कमी करत नेणं, चालू होईल. यंदा तारखा तुझ्या बाजूने आहेत. २०२४ ला शर्यत वसुबारसेच्या आदल्या दिवशी आली होती, तेव्हा फराळाचं निम्मं जावेनं केलं. मी तिच्या मुलींना मे महिनाभर पोहायला नेलं.

एक गोष्ट बाई म्हणून कळकळीने सांगते. नवरात्राचे नऊ दिवस उपास आणि आठवड्याला दहा तास ट्रेनिंग, हे एकत्र करायचं नाही. मी सासूबाईंशी बोलून उठता-बसता उपास केला. त्यांनीच सांगितलं की देवीला तू चक्कर येऊन पडलेली नकोयस. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आत्ता तपासून घे, पाळी पुढे-मागे व्हायला लागली तर लगेच डॉक्टरांना दाखव. कमी खाणं आणि जास्त पळणं याचा पहिला हिशेब तिथे लागतो.

आबा_सातारा

माझं वय ७१. माझी सून हाच प्रकार करते. मी नातवाला शाळेत सोडतो, त्यामुळे आजी-आजोबांच्या बाजूने लिहितो.

आम्हाला राबणं जड जात नाही. आयत्या वेळी सांगितलेलं जड जातं. आमच्या सूनबाई महिन्याच्या सुरुवातीला कालनिर्णयवर निळ्या शाईने लिहून ठेवतात, "सायकल, ५ ते ९". ज्या दिवशी निळं नाही त्या दिवशी मी माझ्या मित्रांबरोबर खुशाल यवतेश्वरला जातो. तुम्हीही असं लिहा.

दुसरं, काळजीचं. सून सायकलवर हायवेला गेली की परत येईपर्यंत जीव टांगणीला असतो. ती निघताना माझ्या फोनवर लोकेशन चालू करून जाते. मागचा लाल दिवा मी स्वतः चार्ज करून ठेवतो. तेवढं केलं की मला शांत बसवतं. तुमच्या सासऱ्यांनाही असं एखादं काम द्या. नुसतं मुलं सांभाळणारा म्हातारा होण्यापेक्षा ते बरं वाटतं.

मृण्मयी_के (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. सुधन्वा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. वाचून तो म्हणाला, "माझं क्रिकेट." सोसायटीच्या टीममध्ये तो रविवारी सकाळी खेळायचा, माझ्या राईड सुरू झाल्यापासून बंद झालं होतं. त्याने ते मला एकदाही सांगितलं नव्हतं. आता राईड शनिवारी, रविवारी सकाळी त्याची मॅच, आणि मी मुलांना घेऊन बघायला.

आबा, कालनिर्णयवर लिहायला घेतलं. लेकीने तिचा नाचाचा क्लासही लिहिला, हिरव्या शाईने.

वैशालीताई, फेरिटिनची तपासणी उद्या करून घेते. दोन शंका आहेत. शनिवारी माझा मुलगा सहालाच उठतो आणि मला शोधतो. पाच ते नऊ ऐवजी ट्रेनरवर कसं मांडू? आणि पोहणं ऑक्टोबरपर्यंत जमलंच नाही तर? नाव परत घ्यायचं का?

वैशाली_रंकाळा (कोल्हापूर)

ज्या शनिवारी बाहेर जायचं नाही त्या दिवशी साडेचारला ट्रेनरवर बस. सहापर्यंत दीड तास होतो. पोरगा उठला की त्याला घेऊन खाली जा, तो छोटी सायकल चालवेल आणि तू त्याच्या बाजूने वीस मिनिटं पळ. त्याच्या वेगाने पळालीस तरी ब्रिकचा उद्देश साधतो, सायकलवरून उतरलेल्या जड पायांना पळायची सवय लावायची असते. आदल्या रात्री मात्र साडेनऊला दिवे बंद. मुलांचंही त्यात भलं.

पोहण्याचं सप्टेंबरअखेर तपास. टँकमध्ये न थांबता २ किमी पंचावन्न मिनिटांत होत असेल तर बिनधास्त उतर. होत नसेल तर आयोजकांना लिहून रिलेत बदलून मिळतं का विचार. त्यात तिघं मिळून एकेक भाग करतात. तू सायकल घे. नवरा क्रिकेट खेळतोय म्हणजे पळू शकत असेल, त्याला आत्तापासून आठवड्यात दोनदा पळायला लाव. पोहणारं माणूस मी कोल्हापुरातून पाठवते, इथे त्याला तोटा नाही.