हायफनवाली डोमेन नावं : धंद्यासाठी घ्यावीत का, आणि विकून खरंच पैसे सुटतात का?

चाटीगल्ली_टॉवेल
सोलापुरात टॉवेल-चादरीचा होलसेल धंदा आहे. बाहेरगावचे व्यापारी आता वेबसाइट मागतात. गावाचं नाव आणि मालाचं नाव जोडून डॉट कॉम बघितलं, तर ते कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. त्यावर नुसती ‘विकणे आहे’ची पाटी, मागणी ४५,००० रुपये. मधे हायफन (-) टाकला की तेच नाव हजार-अकराशेत मिळतंय. ते घ्यावं का?
दुसरं असं की, आमचे एक पाहुणे म्हणतात, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर यांच्या पुढे लॉज, टॅक्सी, प्रसाद असे शब्द हायफनने जोडून शंभरेक नावं घेऊन ठेवू, चार-पाच वर्षांत चांगल्या भावाने जातील. यात खरंच कमाई आहे का? माहीतगारांनी सांगावं.

नूतनीकरण_हिशेब
पाहुण्यांना आधी थांबवा. शंभर नावं म्हणजे, जीएसटीसह नावामागे अकराशे रुपये धरले तर, वर्षाला १,१०,००० रुपये नूतनीकरण. पहिल्या वर्षीची सवलत बघून हिशेब मांडू नका, दुसऱ्या वर्षी पूर्ण दर लागतो. आता विक्री बघा. हायफन नसलेल्या बऱ्या नावांच्या साठ्यातूनसुद्धा वर्षाला शंभरात एखाद-दुसरं नाव जातं, असा या धंद्यातला सर्वसाधारण अंदाज आहे. विक्रीच्या साइट साधारण १५ ते २५ टक्के कमिशन कापतात. २० टक्के धरलं आणि वर्षात एकच नाव गेलं, तर नुसता खर्च भरून निघायला ते १,३७,५०० रुपयांना जायला हवं. पंढरपूरचा लॉजवाला हायफनच्या नावाला एवढे देणार नाही, कारण त्याला स्वतःच्या लॉजच्या नावाचं डॉट इन हजाराच्या आत मिळतं.

गिऱ्हाईक कोण, हाच खरा प्रश्न आहे. हायफनवाल्या नावाला बहुतेक वेळा एकच संभाव्य गिऱ्हाईक असतं : ज्याच्याकडे हायफन नसलेलं नाव आहे तो. आणि त्याला हे लागतच नाही. झालेल्या विक्रीचे भाव बघायचे तर त्यांची नोंद ठेवणाऱ्या नेमबायो या साइटवर जा, नावात हायफन असलेल्या विक्री वेगळ्या काढा आणि तेच शब्द हायफनशिवाय कितीला गेले ते शेजारी मांडून बघा. फरक लगेच दिसेल. अपवाद जर्मनीचा. तिथे डॉट डीई नावांत हायफन अगदी रुळलेला आहे, मोठ्या कंपन्याही वापरतात. पण ते गिऱ्हाईक जर्मन शब्दांना पैसे मोजतं, आपल्या गावांच्या नावांना नाही.

नावं पार्क करून, म्हणजे साइट न बनवता नावावर नुसतं जाहिरातींचं पान ठेवून, पैसे मिळतील असंही कुणी सांगेल. पण जाहिरातदारांच्या जाहिराती पार्क केलेल्या पानांवर आपोआप दाखवणं गुगलने २०२५ मध्येच बंद केलं. शिवाय पार्किंग चालायचं ते लोक नाव थेट टाइप करायचे म्हणून, आणि अंदाजाने टाइप करताना हायफन कुणीच घालत नाही.

एमएक्स_रेकॉर्ड
स्वतःच्या धंद्यासाठी घ्यायचं की नाही, यात लोक गुगलचा विचार करतात आणि ईमेल विसरतात. खरा धोका तिथेच आहे. फोनवर पत्ता सांगताना तुम्ही ‘मधे डॅश’ म्हणता. समोरचा कधी अंडरस्कोर टाकतो, कधी काहीच टाकत नाही. अंडरस्कोर टाकला तर मेल परत येतो, म्हणजे चूक निदान कळते. काहीच टाकलं नाही तर तो मेल हायफन नसलेल्या नावाच्या मालकाकडे जातो. त्याने ‘कॅच-ऑल’ (त्या नावावर कुठल्याही पत्त्याने आलेला मेल घेणारी सोय) लावलं असेल, तर तुमचे दर, ऑर्डर, बँकेचा तपशील सगळं त्याच्या हातात, आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून विकत घेण्याआधी एक तपासणी करा. कुठल्याही मोफत डीएनएस लुकअप (नावाच्या नोंदी दाखवणाऱ्या) साइटवर हायफन नसलेलं नाव टाका आणि एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्या नावाचा मेल कुठल्या यंत्राकडे जातो याची नोंद, बघा. काहीच दिसलं नाही, तर मग ए रेकॉर्ड, म्हणजे ते नाव कुठल्या यंत्राच्या पत्त्यावर जातं याची नोंदही, बघा. एमएक्स नसेल तर मेल त्या पत्त्यावर द्यायचा प्रयत्न होतो, फक्त तिथे मेल घेणारं यंत्र बहुधा नसतं. एमएक्स दिसला तर त्या हायफनवाल्या नावावर धंद्याचा ईमेल अजिबात चालवू नका. वेबसाइट ठेवा, मेल दुसऱ्या नावावर.

छपाईतही गडबड होते. व्हिजिटिंग कार्डावर पत्ता दोन ओळींत तुटला आणि तोडणी हायफनवर आली, तर वाचणाऱ्याला ती ओळ तोडायची खूण वाटते आणि तो हायफन गाळतो. डिझाइनरला सांगा, पत्ता एकाच ओळीत. आणि वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये आपोआप दुरुस्ती चालू असली की कधी कधी साध्या हायफनची लांब रेघ होते. दिसायला तशीच, पण तो पत्ता कॉपी करून टाकला तर उघडत नाही. पीडीएफ दरपत्रक पाठवण्याआधी त्यातली लिंक एकदा दाबून बघाच.

एकापेक्षा जास्त हायफन तर नकोच. फसव्या साइटवाल्यांनी तसली लांबलचक नावं इतकी वापरली आहेत की गिऱ्हाईक बिचकतं. कोका-कोला, मर्सिडीज-बेंझ यांच्या साइटच्या नावात हायफन आहे, पण तो त्यांच्या मूळ नावातच आहे.

अक्कलकोट_रोड
कायद्याची बाजू राहिली. हायफन टाकल्याने नाव ‘वेगळं’ होतं, असा समज आहे, तो काढून टाका. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कमध्ये हायफन घालून घेतलेलं नाव वादात सारखंच धरलं जातं. असे वाद डॉट कॉमसाठी यूडीआरपी, डॉट इनसाठी आयएनडीआरपी या नियमांनी सोडवले जातात. विकण्याच्या हेतूने धरून ठेवलंय असं दिसलं तर नाव तक्रारदाराकडे जातं, आणि तुम्हाला त्याचा एक रुपया मिळत नाही.

पंढरपूर किंवा अक्कलकोट हे गावाचं नाव म्हणून कुणाच्या मालकीचं नाही. पण देवस्थानाचं, भक्तनिवासाचं नाव घेऊ नका. भक्तनिवासाच्या नावाने बनावट बुकिंग दाखवून भाविकांना फसवण्याचे प्रकार होतात, तुमची साइट प्रामाणिक असली तरी संशय तुमच्यावर येणार. टॉवेल आणि चादरीबाबत एक ध्यानात ठेवा : सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. बाहेरचा माल सोलापूरचा म्हणून विकला तर अडचण नावाची नाही, मालाची येईल.

चाटीगल्ली_टॉवेल
पाहुण्यांचा विषय बंद करतो. पण गुगलमध्ये वर यायला शब्द नावात असलेले बरे, असं वेबसाइटवाला सांगतोय. आणि ४५,००० वाल्याशी बोलू की नको?

नूतनीकरण_हिशेब
ते २०१२ च्या आधीचं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलने शोधशब्दांशी तंतोतंत जुळणाऱ्या, पण आत दम नसलेल्या साइट खाली ढकलल्या. हायफनमुळे साइट वर येत नाही, खालीही जात नाही. वेबसाइटवाला बहुधा पानाच्या पत्त्याशी गल्लत करतोय. तिथे, म्हणजे नावाच्या पुढे तिरक्या रेघेनंतर, शब्द हायफनने वेगळे करावेत असं गुगल स्वतः सांगतं. ‘टेरी-टॉवेल-३०-६०’ असं पान खुशाल करा.

बोलणी करायची तर हायफनवालं नाव घेण्याआधी करा. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. तुम्ही हायफनवर धंदा थाटला, कार्डं छापली, की समोरच्याला कळतं तुम्ही अडकलात, आणि ४५,००० चे लाख होतात. दुकानाच्या मेलवरून लिहू नका, साध्या वैयक्तिक मेलवरून ८-१० हजारांपासून सुरू करा. पैसे थेट खात्यात कधीच टाकू नका, एस्क्रोमार्फतच (पैसे मधे धरून ठेवणारी तिऱ्हाईत सेवा) द्या. नाव तुमच्या खात्यात आल्यावरच एस्क्रोवाला पैसे सोडतो.

त्याने नूतनीकरण चुकवलं तर नाव सुटेल, या आशेवरही काही जण बसतात. डॉट कॉम मुदत संपली की लगेच मोकळं होत नाही : नोंदणी करणाऱ्या कंपनीप्रमाणे ४५ दिवसांपर्यंतची वाढीव मुदत, मग ३० दिवस जादा दंडाने सोडवायची मुदत, मग नाव काढून टाकण्याआधीचे ५ दिवस. बरीच नावं त्याआधीच लिलावात जातात.

एमएक्स_रेकॉर्ड
तुमच्यासाठी माझा सल्ला : दुकानाच्या नावाचं, हायफन नसलेलं डॉट इन आजच घ्या, मेल आणि वेबसाइट दोन्ही त्यावर. इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे होत असेल तर दोन्ही घ्या. हायफनवालं डॉट कॉम घ्यायचंच तर बोलणी फिसकटल्यावर घ्या, आणि ३०१ रीडायरेक्टने (येणाऱ्याला आपोआप दुसऱ्या पत्त्यावर नेणारी कायमची सोय) डॉट इनवर वळवून सोडा. त्यावर मेल सुरू करू नका. कॅटलॉग कुठल्या कंपनीच्या होस्टिंगवर टाकताय ते कळवा, रीडायरेक्ट कुठल्या स्क्रीनवर लावायचा ते सांगतो.