टीबीसाठी मेडिकलमधून रजा : सहा आठवडे की पूर्ण वर्ष?

अर्धवट_लॉगबुक :
दुसरं वर्ष चालू आहे. फुफ्फुसाचा टीबी निघालाय, थुंकी पॉझिटिव्ह, म्हणजे तपासणीत जंतू दिसले. सहा महिन्यांचं औषध, त्यातले दहा दिवस झाले. साडेचार महिन्यांनी परीक्षा. घरचे म्हणतात वर्ष सोड. वर्गमित्र म्हणतात पंधरा दिवसांनी ये, बाकीचं आम्ही बघतो. रजा किती घ्यावी, अर्जात काय लिहावं आणि वॉर्डात कधीपासून जाता येईल?

छातीविभाग :
औषध सहा महिन्यांचं म्हणून रजाही सहा महिन्यांची, हा हिशेब डोक्यातून काढा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. त्रास होतो तो बहुधा सुरुवातीच्या टप्प्यात. पण त्याआधी एक गोष्ट : रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही, याचा अहवाल हातात आला का? प्रतिकार निघाला तर औषधं बदलतात, मुदतही बदलते. तो अहवाल बघितल्याशिवाय अर्जात तारीख टाकू नका.

‘दोन आठवड्यांनी संसर्ग संपतो’ हे वाक्य अर्धंच सांगितलं जातं. औषध लागू पडतंय, एकही डोस चुकलेला नाही आणि खोकला-ताप उतरलाय, या तिन्ही अटी त्यात गृहीत असतात. वॉर्डासाठी तर बहुतेक रुग्णालयं याहून कडक असतात, थुंकीचे लागोपाठ निगेटिव्ह अहवाल मागतात. ते बरोबरच आहे. लेक्चर हॉलमधली मुलं धडधाकट असतात. वॉर्डात केमोथेरपी चालू असलेला माणूस असतो, नवजात बाळ असतं.

लघवी नारिंगी झाली तर घाबरायचं कारण नाही. पण सतत उलट्या, डोळे पिवळे, किंवा लाल-हिरवा रंग ओळखायला गडबड, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे फार्मकॉलॉजीत (औषधशास्त्रात) पाठ करूनही विसरलं जातं.

हजेरीपट :
वरचं सगळं मान्य, पण वर्ष वाचतं की जातं ते कॉलेजच्या कॅलेंडरवर ठरतं. हजेरी प्रत्येक विषयाची वेगळी मोजतात, थिअरीची वेगळी आणि प्रॅक्टिकलची वेगळी. एकूण सरासरी छान असून एका विषयात अडकलेली मुलं दरवर्षी असतात.

दुसरं म्हणजे, मेडिकल सर्टिफिकेट दिलं की हजेरी लागते असं नाही. त्यामुळे गैरहजेरीचं कारण नोंदवलं जातं, एवढंच. सूट मिळते का, किती टक्क्यांपर्यंत आणि कोणाच्या सहीने, हे नियमावलीत वाचा. वर्गाच्या ग्रुपवर विचारू नका.

अर्ज डीनच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत. मजकूर एका पानात : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कारण एका ओळीत, आणि नेमकं काय हवंय. म्हणजे रजा, चुकलेलं पोस्टिंग (वॉर्डातलं प्रशिक्षण) नंतर भरून काढायची परवानगी, हॉस्टेलची जागा राखून ठेवणं. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. तोंडी ‘हो हो, बघू’ म्हणणारे सर सहा महिन्यांनी त्या खुर्चीत असतीलच असं नाही.

सर्टिफिकेटवर ‘उपचार चालू, विश्रांतीचा सल्ला’ एवढंच असेल तर ते परत येणार. त्यात चार गोष्टी हव्यात : कधीपासून अनफिट, कशासाठी अनफिट (वर्ग, वॉर्ड की दोन्ही), अंदाजे कधी फिट, पुढची तपासणी कधी. सीटी स्कॅन, फाइल वगैरे जोडत बसू नका. आजाराचं नाव मात्र कॉलेजच्या आरोग्य अधिकाऱ्याला सांगावंच लागेल, कारण खोलीतल्या आणि जवळच्या लोकांची तपासणी व्हायला हवी. अख्ख्या वर्गाला कळायची गरज नाही.

अर्धवट_लॉगबुक :
अहवाल आला, प्रतिकार नाही. डॉक्टर सहा आठवडे म्हणतात. फार्मकॉलॉजीची वर्षभरात 80 लेक्चर्स. 52 झाली, 43 ला हजर. पुढच्या सहा आठवड्यांत 14 आहेत. अट 75 टक्के. बाकी विषय सुरक्षित वाटतात.

हजेरीपट :
80 पैकी 60 हवीत, म्हणजे 20 चुकली तर चालतात. 9 आधीच गेली, त्यात 14 मिळवली की 23. उरलेली सगळी केली तरी 57, म्हणजे 71 टक्के. तीन लेक्चर्सवर गाडी अडतेय! चार आठवड्यांनी फक्त वर्गासाठी फिट आणि सहा आठवड्यांनी वॉर्डासाठी, असं दोन टप्प्यांत लिहून द्यायला डॉक्टर तयार आहेत का, ते विचारा. लेक्चर्स सारखी विभागली असतील तर चार आठवड्यांत 9-10 जातील आणि तुम्ही काठावर का होईना, आत राहाल. डॉक्टर नाही म्हणाले तर ताणू नका, त्या तीन लेक्चर्सची सूट याच अर्जात मागा.

आणि परीक्षेला बसायचं नाही असं ठरलंच, तर मुदतीत लेखी माघार घ्या. फॉर्म भरून नुसतं गैरहजर राहिलात तर काही ठिकाणी तो एक प्रयत्न धरतात, आणि प्रयत्नांना बहुधा मर्यादा असते. वर्षभराची रजा घेणार असाल तर ते वर्ष अभ्यासक्रमाच्या कमाल मुदतीत धरणार का, हे लेखी विचारून ठेवा.

कर्जखातं :
एक राहिलं. शैक्षणिक कर्ज असेल तर लांब रजेआधी बँकेला कळवा. नाव पटावरून कमी झालं असं समजून हप्ते सुरू होऊ शकतात. शिष्यवृत्ती आणि कॉलेजमार्फतचा आरोग्य विमा रजेत चालू राहतो का तेही बघा.

छातीविभाग :
दोन टप्प्यांची कल्पना चांगली आहे, थुंकीचे अहवाल साथ देत असतील तर. परतताना वजन करून घ्या. टीबीत वजन उतरतं, औषधाने पुन्हा वाढतं, आणि डोस वजनावर ठरलेला असतो. चेहरा बारीक झाला असेल तर आधी नीट बसणारा एन-95 मास्क आता गालाशी सैल पडेल. वॉर्डात जाण्याआधी त्याची फिट टेस्ट पुन्हा करून घ्या.