मदत हवी आहे: पगारातून देणगी कापण्याच्या योजनेत संस्थांसाठी भेदभावविरोधी अट कशी लिहावी?

नमस्कार.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी लेखा विभागात काम करतो. कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने दरमहा ठरावीक रक्कम पगारातून कापून घ्यावी आणि ती त्यांनी निवडलेल्या सेवाभावी संस्थेला जावी, अशी योजना आम्ही सुरू करत आहोत. यादीत कोणत्या संस्था घ्यायच्या याचे नियम लिहिण्याचे काम पाच जणांच्या समितीकडे, म्हणजे प्रत्यक्षात माझ्याकडे आले आहे. बहुतेकांनी अर्जात 100 किंवा 200 रुपयेच लिहिले आहेत. पण पैसा कामगारांचा आहे आणि पगाराच्या स्लिपवर संस्थेचे नाव छापून येणार आहे, त्यामुळे नियम सैल ठेवून चालणार नाही.

आमची मूळ कंपनी अमेरिकन आहे. तिकडून आलेल्या नमुन्यात एक हमीपत्र आहे. सेवा देताना, नोकरीवर घेताना किंवा विश्वस्त नेमताना आपण वंश, धर्म, लिंग, वय वा अपंगत्व यांवरून कोणताही भेदभाव करत नाही, असे संस्थेच्या अध्यक्षांनी सहीनिशी लिहून द्यायचे. त्या यादीत ‘जात’ हा शब्दच नव्हता. तो मी घातला आणि मसुदा बैठकीत वाचून दाखवला. वाचून होताच टूल रूममधील एका सहकाऱ्याने विचारले, “मग पेठ तालुक्यातलं आदिवासी मुलींचं वसतिगृह यात बसतं का? तिथे मुलांना प्रवेश नाही आणि बिगर आदिवासी मुलींनाही नाही.” शब्दशः वाचले तर बसत नाही. सर्वाधिक कर्मचाऱ्यांनी पसंती दिलेली संस्था मात्र तीच आहे.

दुसरा अर्ज शहरातील एका समाजाच्या विद्यार्थी वसतिगृहाचा आहे. त्यांच्या न्यासपत्रात लाभार्थी म्हणून “आपल्या समाजातील होतकरू विद्यार्थी” असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडे जातवार बोर्डिंगांची परंपरा जुनी आहे. कोल्हापुरात 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि आपल्या नाशिकचे उदोजी मराठा बोर्डिंगही त्याच चळवळीतून उभे राहिले. ज्यांना शिक्षणाची दारे बंद होती त्यांच्यासाठी ही सोय होती, हे नाकारता येत नाही. म्हणूनच अशा संस्थेला एका ओळीत “भेदभाव करणारी” ठरवणे मला जड जाते.

तिसरा अर्ज एका वृद्धाश्रमाचा आहे. त्याचे न्यासपत्र निर्दोष आहे, “सर्वांसाठी खुले” असे त्यात दोनदा म्हटले आहे. त्यांचा कोरा प्रवेश अर्ज मी सहज मागवून घेतला, तर त्यात नावाखालीच “जात/पोटजात” असा रकाना आहे.

माझे प्रश्न असे: पहिली संस्था आत राहील आणि तिसरीला किमान उत्तर द्यावे लागेल, अशी अट कशी लिहावी? दुसऱ्या संस्थेबाबत काय करावे? आणि संस्थेकडे 80जी प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे देणगीदाराला आयकरात वजावट मिळते) असणे एवढे पुरेसे मानावे का?

प्रतिसाद (न्यासांच्या नोंदणीचे व हिशेबाचे काम पाहणारा सभासद)

सुरुवात 80जीपासूनच करावी. 1961 च्या आयकर कायद्याच्या या कलमातील पोटकलम (5) प्रमाणे, देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी संस्था एखाद्या विशिष्ट धार्मिक समुदायाच्या किंवा जातीच्या लाभासाठी असल्याचे तिच्या उद्देशांत म्हटलेले नसावे लागते. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, तसेच महिला व बालके यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला ही बाधा येत नाही. म्हणजे आपले पेठचे वसतिगृह कायद्यानेच आत आहे. समाजाच्या वसतिगृहाबाबत एक गुंतागुंत आहे. विशिष्ट जातीसाठीच्या न्यासाची करसवलत काढून घेणारे कलम 13(1)(ब) हे कायदा लागू झाल्यानंतर, म्हणजे 1 एप्रिल 1962 पासून पुढे स्थापन झालेल्या न्यासांना लागते. त्यामुळे जुन्या बोर्डिंगांचे स्वतःचे उत्पन्न करमुक्त असू शकते; पण त्यावरून देणगीदाराला वजावट मिळतेच असे नाही. “आम्हाला आयकराची सूट आहे” असे ते सांगतील, तेव्हा कोणती सूट, हे विचारा.

2025 च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून आपल्या नियमात क्रमांक न घालता अट शब्दांत लिहावी. आणखी एक गोष्ट म्हणजे नव्या करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही, त्यामुळे “मग 80जी कशाला बघायचे?” असे कोणीतरी म्हणेलच. तरीही बघावे, मात्र ते प्रमाणपत्र उद्देशांची छाननी झाल्याचे दाखवते, दारात कोणाला परत पाठवले जाते हे दाखवत नाही.

आपल्याला आलेला नमुना हीच अमेरिकेतली एकमेव रीत नव्हे. तिथल्या केंद्रीय सरकारी कर्मचाऱ्यांसाठी 1961 पासून ‘कंबाइन्ड फेडरल कॅम्पेन’ चालते. मोहीम चालवताना भेदभाव करण्यास तिच्या नियमांत बंदी आहे. पण अन्यथा पात्र असलेली संस्था केवळ विशिष्ट वंशाच्या, धर्माच्या किंवा लिंगाच्या व्यक्तींनी वा त्यांच्यासाठी स्थापन केली आहे म्हणून अपात्र ठरत नाही, असेही त्याच नियमात लिहिले आहे. कनेक्टिकट राज्याने मात्र संस्थेच्या वर्तनावर बोट ठेवले आणि समलिंगी व्यक्तींना दूर ठेवण्याच्या धोरणामुळे बॉय स्काउट्सना राज्य कर्मचाऱ्यांच्या देणगी मोहिमेतून वगळले. 2003 मध्ये तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने तो निर्णय योग्य ठरवला.

माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्यामुळे आपली अडचण झाली आहे. संस्था कोणासाठी आहे हे एका कलमात लिहा आणि त्या गटातील व्यक्तीला ती कशी वागवते हे दुसऱ्यात.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. आपल्या सूचनेप्रमाणे कलम असे लिहिले आहे, चूक दिसल्यास कृपया सांगावी: “वंचित गटासाठी, महिलांसाठी, बालकांसाठी किंवा अपंग व्यक्तींसाठी स्थापन झाल्याच्या कारणावरून कोणतीही संस्था अपात्र ठरणार नाही, परंतु आपल्या जाहीर उद्देशात बसणाऱ्या व्यक्तीला संस्थेने जात, धर्म, लिंग, वय वा अपंगत्व यांवरून प्रवेश किंवा सेवा नाकारल्याचे आढळल्यास तिचे नाव यादीतून काढले जाईल.” हमीपत्रासोबत न्यासपत्राची प्रत आणि कोरा प्रवेश अर्ज, दोन्ही मागणार आहोत.

समाजाच्या वसतिगृहाला या वर्षी यादीत घेतलेले नाही. त्यांचे चिटणीस नाराज झाले, पण काही जागा सर्वांना खुल्या करण्याचा विषय विश्वस्तांच्या बैठकीत ठेवतो, असे म्हणाले. वृद्धाश्रमाला पत्र पाठवले आहे. त्यात आरोप केलेला नाही, तो रकाना कशासाठी आहे एवढेच विचारले आहे.