घोळक्याचा मूड एका नजरेत कळतो का? अनुभव सांगा

धागाकर्ता: जेसन हेबरमन आणि डेव्हिड व्हिटनी यांनी २००७ मध्ये लोकांना चेहऱ्यांचे संच थोडाच वेळ दाखवले. संच एकूण किती खूश किंवा उदास, हे लोकांना नेमकं सांगता यायचं. अमुक चेहरा त्यात होता का, असं विचारलं की मात्र अंदाजपंचे! म्हणजे मेंदू सरासरी जपतो, सुटे चेहरे सोडून देतो. आपल्या मराठवाड्यातले कीर्तनकार, मास्तर, आडते, कंडक्टर, लिहा बरं. शास्त्र नको, अनुभव हवा.

गंगाखेडचा वारकरी: सप्ताहातलं रात्रीचं कीर्तन. माणसं दिवसभर रानात राबून आलेली. अभंगाचा पहिला चरण होईस्तोवर मंडप जागाय का पेंगलाय ते कळतंच. कोण पेंगतंय म्हणून विचाराल तर एक नाव सांगता येणार नाही. मग प्रमाणं आवरती घ्यायची आणि दृष्टांत काढायचा.

मोंढा, लातूर: सोयाबीनच्या सौद्याला खरेदीदारांचा घोळका लांबून बघितला तरी समजतंय, आज भाव चढायचा नाही. एवढंच.

बीडची शिक्षिका: मला या सरासरीची भीतीच वाटते. दसऱ्यानंतर आईबाप ऊसतोडीला जातात. लेकरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. वर्गात पाय टाकावा तर सगळी खिदळत असतात, वर्ग मजेत दिसतो. त्यात दोनतीन चेहरे विरघळून जातात. त्यांच्या घरची टोळी आदल्या रात्रीच ट्रकमध्ये बसलेली असते. म्हणून त्या दिवसांत हजेरी मी नंबरांनी घेत नाही. नाव घेते आणि ‘हजर’ म्हणेपर्यंत त्या लेकराकडंच बघते. वेळ जातो, जाऊ दे. हजेरी त्यासाठीच असते, असं माझं मत.

धागाकर्ता: ताई, २०१७ च्या एका अभ्यासात असंच दिसलं. दोन घोळक्यांतला कोणता टाळावा हे ठरवताना मेंदूतली वरची, जागा आणि हालचाल टिपणारी वाट जास्त राबते. एकेकटे चेहरे निरखायला खालची, तपशील ओळखणारी वाट. तुमची हजेरी म्हणजे वाट बदलणंच झालं.

ग्रा. पं. सदस्य, परभणी: आमच्या ग्रामसभेत टँकरचा विषय निघाला की सगळं गाव चवताळलंय असं वाटतंय. हात वर करायची वेळ आली की निम्मे नुसते बघायला आलेले निघतेत. हे कसं काय?

धागाकर्ता: अमित गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांचं २०२१ चं काम यावरच आहे. त्यांनी नजर कुठं किती थांबते ते मोजलं. भाव तीव्र असलेल्या चेहऱ्यांवर ती जास्त रेंगाळते, त्यामुळं गर्दी असते त्याहून भडक वाटते. जास्त वेळ बघू दिलं तरी हा फुगवटा गेला नाही.

ग्रा. पं. सदस्य, परभणी: आता ध्यानात आलं. तावातावानं बोलणारे पुढच्या सतरंजीवर बसतेत, बाकीचे भिंतीला टेकून. पुढच्या सभेला अध्यक्षांची खुर्चीच मागच्या बाजूला मांडायला लावतो. बघू काय होतंय ते.