'अस्सल' म्हणजे विश्वसनीय का?

इतिहासाच्या प्रबंधात मी एका जुन्या पत्राचा आधार घेतलाय. मसुद्यावर सरांचा शेरा आलाय: "साधन अस्सल आहे, पण विश्वसनीय आहे का?" मला दोन्ही एकच वाटत होतं. अस्सल हापूस म्हणजे भरवशाचाच ना?

— आंब्याचं सोडा, तिथे पेटीवरचं नावही खोटं निघतं. 'अस्सल' अरबी 'अस्ल'वरून आला, अर्थ मूळ. ज्याच्या नावाचा नि ज्या तारखेचा दिसतो, त्याचाच आणि तेव्हाचाच असला की कागद अस्सल. आतला मजकूर खरा आहे की नाही, हा निराळा प्रश्न. हरलेल्या सरदाराचं धन्याला गेलेलं पत्र पुरतं अस्सल असेल, पण शत्रूची फौज त्यात दुप्पट झालेली असायची!

— म्हणजे नक्कल ती खोटी?

— छे. सातबाऱ्याची नक्कल काढता तेव्हा खोटा सातबारा मागता का? जुन्या कागदांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मुळाप्रमाणे उतरवलेली प्रत, असं लिहिलेलं सापडतं. खोट्याला 'बनावट' म्हणा. नकलेत उतरवणाऱ्याची चूक शिरू शकते, एवढंच.

— यात 'समकालीन'ही धरा. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली, मल्हार रामराव चिटणिसांची त्यानंतर शंभरेक वर्षांनी. चिटणिशी बखर चिटणिसांचीच, बनावट मुळीच नव्हे; पण शिवकाळाबद्दल दोघींचं वजन सारखं कसं धरणार? शिवजन्माच्या तारखेच्या वादाचंच बघा. बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे १६२७ साल धरत. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींत, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तरी शकावली आहे म्हणून कुणी डोळे मिटून मानली नाही, इतर कागदांशी ताडून पाहिली.

— विश्वसनीय की विश्वासार्ह?

— दोन्ही चालतात. 'विश्वासू' मात्र माणसाला म्हणा, कागदाला नको.

— मग असं लिहितो: "पत्र अस्सल व समकालीन. लिहिणारा वतनाच्या तंट्यातला पक्षकार, म्हणून हक्काबाबत विश्वसनीय नाही. वाटेतल्या गावांच्या नावांबाबत आहे, कारण तिथे खोटं बोलून त्याचा काही फायदा नव्हता. मात्र हा एकच स्त्रोत असल्याने…"

— झकास. फक्त 'स्त्रोत' नव्हे, 'स्रोत'. स आणि र यांच्यामध्ये त येत नाही. आणि इतिहासात 'साधन'च बरं, इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या बावीस खंडांना तेच नाव दिलंय.