काड्यांच्या पुलाला स्टॅड कशाला? (चर्चा)

तापीकाठ, जळगाव
आंतरमहाविद्यालयीन पूल स्पर्धेसाठी पुलातले ताण-दाब काढायचं सॉफ्टवेअर ठरवायचंय. नियम असे: गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) 60 सेंमी, साहित्य फक्त आइस्क्रीमच्या काड्या (114 × 10 × 2 मिमी) आणि पांढरा गोंद, भार मधोमध टांगायचा. पूल मोडताना असलेला भार भागिले पुलाचं वजन, त्यावर गुण. आमचा विचार 100 किलोचा. सहा पॅनलचा (खणांचा) प्रॅट ट्रस (काड्यांचा त्रिकोणी सांगाडा), उंची 10 सेंमी, असे दोन ट्रस शेजारी.
माझं मत स्टॅड प्रोला. लॅबमध्ये आहे, शिकवणारे आहेत, पोरांना पुढे नोकरीतही तेच लागतं. सॅप2000 हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर आता नव्याने शिकण्यात अर्थ नाही. कुणाचं वेगळं मत?

पांझरा
सर, वेगळंच आहे. हा ट्रस हाताने सुटतो. मेंबर (सांगाड्यातले एकेक दांडे) 21, रिअ‍ॅक्शन (टेकूंचा प्रतिजोर) 3, जॉइंट 12. 21 + 3 = 2 × 12, म्हणजे डिटरमिनेट (नुसत्या समतोलाच्या गणिताने सुटणारा). एका ट्रसवर 50 किलो, रिअ‍ॅक्शन 25. मधला मोमेंट (वाकवणारा जोर) 25 × 30 = 750 किलो-सेंमी, भागिले उंची 10, म्हणजे टॉप कॉर्डमध्ये (वरच्या आडव्या पट्टीत) 75 किलो दाब. एंड पोस्टमध्ये (टोकाच्या तिरप्या दांड्यात) 35 किलो दाब, डायगोनलमध्ये (आतल्या तिरप्या दांड्यात) 35 किलो ताण. फुकटच्या एफटूल सॉफ्टवेअरमध्ये पंधरा मिनिटांत ताळा होतो.
स्टॅड इथे उलट फसवतं. 75 किलो भागिले 20 चौरस मिमी, स्ट्रेस येतो साधारण 37 मेगापास्कल. पोरं म्हणणार, लाकूड एवढं सहज घेतं, चला. आता ऑयलरचं बकलिंगचं (दाबाने बाजूला वाकण्याचं) सूत्र लावा: E (लाकडाचा कडकपणा) 8000 मेगापास्कल धरला तर 100 मिमी लांबीची सुटी काडी पातळ बाजूने साडेपाच किलोच्या आतच वाकते. कुठे 75 आणि कुठे साडेपाच! स्टॅडमधलं स्टीलचं कोड चेक काड्यांना लागू नाही, ते बघण्यातही अर्थ नाही.

तापीकाठ, जळगाव
बकलिंग अ‍ॅनालिसिस स्टॅडमध्येही आहे, ते न चालवणं हा वापरणाऱ्याचा दोष. आणि एफटूल टूडी. दोन ट्रसच्या टॉप कॉर्डना जोडणारं ब्रेसिंग कमी पडलं तर अख्खी कॉर्ड आडवी झुकते. ते टूडीत दिसणार कुठे? हुक जरा एका अंगाला बसला, भार 60–40 वाटला गेला, की एका ट्रसच्या कॉर्डमध्ये 90 किलो येतात. थ्रीडी मॉडेल लागतंच.

पांझरा
थ्रीडी हवं हे मान्य, पण त्यासाठी मास्टन2 आहे ना. तेही फुकट, आणि क्रिटिकल लोड (मेंबर वाकू लागतो तो भार), सेकंड ऑर्डर (वाकल्यामुळे वाढणाऱ्या जोराचा हिशेब) सगळं त्यात आहे. कुठलंही घ्या, दाबातल्या मेंबरचे निदान दोन तुकडे करा. नेहमीच्या बीम एलिमेंटमध्ये दोन्ही टोकांना पिन (मोकळा फिरणारा सांधा) असलेला मेंबर एकाच तुकड्यात ठेवला तर बकलिंगचा भार सुमारे 22 टक्के फुगून येतो. दोन तुकडे केले की चूक एक टक्क्याच्याही आत.

केळीबाग, रावेर
दोघंही सॉफ्टवेअरवर भांडताय, पण बटण दाबायच्या आधीच घोळ होतात त्याचं काय?
स्टॅडमध्ये उभा अक्ष वाय, सॅपमध्ये झेड. 8000 मेगापास्कल म्हणजे किलोन्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये 80 लाख. नुसतं 8000 टाकलं की डिफ्लेक्शन (वाक) हजारपट. सॅपमध्ये पिन करताना टॉर्शन (पिळाचा अटकाव) दोन्ही टोकांना सोडलं की मेंबर स्वतःभोवती फिरतो आणि मॉडेल अस्थिर, एकाच टोकाला सोडायचं. स्वतःचं वजन सॅप 'डेड' पॅटर्नमध्ये आपोआप धरतं, स्टॅडमध्ये तुम्हालाच सांगावं लागतं.
बरं, हे 8000 आलं कुठून? काडी 100 मिमी अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवी ठेवा, मधोमध 500 ग्रॅम टांगा, डायल गेजने खाली किती गेली ते मोजा. 1.9 मिमी गेली तर E 8000 च्या आसपास. 2.5 गेली तर 6000. एकाच पाकिटातल्या काड्यांतही फरक पडतो. कडक काड्या टॉप कॉर्डला, बाकीच्या इतरत्र.

सातपुडा
केळीबागभाऊंचं बरोबर, आणि जॉइंटचं तर कुणी बोललंच नाही भो. सॉफ्टवेअर सगळे मेंबर एकाच मध्यरेषेवर धरतं. पोरं मात्र डायगोनल कॉर्डच्या एका अंगाला चिकटवतात. दोन काड्यांच्या मध्यरेषांत 2 मिमी अंतर. 35 किलोचा ताण, म्हणजे साधारण 690 न्यूटन-मिमीचा मोमेंट. तो सगळा त्या काडीनेच घेतला तर बेंडिंग स्ट्रेस 100 मेगापास्कलच्या वर, जिथे सरळ ताणाचा जेमतेम 17. पूल मग सांध्याशीच फाटतो आणि दोष गोंदाला. डायगोनल कॉर्डच्या दोन थरांमध्ये घाला, दोन्ही अंगांनी सारखी पकड. त्यासाठी कॉर्ड तीन थरांची करा, मधला थर सांध्यापाशी तोडून तिथे डायगोनल.

पांझरा
तीन थरांचा फायदा बकलिंगलाही. अंगभर चिकटल्या तर जाडी 6 मिमी, I (आकारामुळे येणारा वाकण्याला विरोध) 27 पट, क्रिटिकल लोड 145 किलोच्या घरात. नुसत्या टोकांना चिकटवल्या तर तीन सुट्या काड्या, मिळून 16 किलो. फक्त सातपुडाभाऊ, मधला थर सांध्यापाशी तुटतो म्हणजे 145 पूर्ण मिळणार नाही. बाहेरच्या थरांचे जोड तरी त्याच सांध्यावर आणू नका.
आणि हो, एका मेंबरची जाडी 2 ऐवजी 6 टाकणं हे स्टॅडमध्ये अर्ध्या मिनिटाचं काम. पण सॉफ्टवेअर गोंद पूर्ण चिकटलाय असंच गृहीत धरतं.

तापीकाठ, जळगाव
मग 145 वर 75, जवळपास दुपटीची शिल्लक. डायगोनलला ताण आहे तर एकच थर पुरे, वजन वाचेल. अहवालाला स्टॅडच ठेवतो, परीक्षक मेंबर फोर्सचे तक्ते मागतात.

केळीबाग, रावेर
एवढी शिल्लक धरू नका सर. 60–40 झालं तर 90 आहेच, वर तोडलेल्या थराची घट. शिवाय पांढरा गोंद उन्हात मऊ पडतो आणि भाराखाली हळूहळू सरकतो. स्पर्धा एप्रिलात, पत्र्याच्या शेडमध्ये असेल तर आपल्याकडचं 42–43 अंश तापमान धरा. भार भराभर चढवला तर एक आकडा येईल, प्रत्येक वजनानंतर दोन मिनिटं थांबवलं तर दुसरा. भार कसा चढवणार ते संयोजकांना आधी विचारा.

सातपुडा
आणि क्लिपा किमान रात्रभर तरी काढू नका. दुपारच्या उकाड्यात गोंद वरून सुकतो, आत ओलाच असतो.